वशिला नव्हे, वयख

अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री करून घरी आले, तेव्हापासून कुठल्याही अर्जाचं नाव काढलं की बाबांचा एकच प्रश्न असायचा, "कोनाची वयख हाय का तिथं, बाई?"

वयख म्हणजे ओळख, पण आमच्या हिंगणघाटकडच्या गावात तिचा अर्थ वशिला. तो आमच्याकडे नव्हता. आठ महिने ऑनलाइन अर्ज भरले. लिंक्डइनवर एकोणीस जणांना मेसेज केला, "सर, जॉब असेल तर सांगा." एकाचंही उत्तर आलं नाही. मला फार लागलं होतं ते. आज वाटतं, त्या मेसेजमध्ये मी कोण हे कुठंच नव्हतं.

विसावा मेसेज कॉलेजच्या एका सिनियर ताईंना केला. रावेच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या गावातल्या अनुभव-कामाच्या वेळी दोनदा भेटलेल्या, तेवढीच ओळख. त्या जालन्याला बियाणे कंपनीत आहेत. या वेळी नोकरी मागितली नाही. लिहिलं, 'बाबांच्या 4 एकर पऱ्हाटीत हेक्टरी 5 प्रमाणे 8 कामगंध सापळे लावलेत. रोज त्यात अडकलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजून वहीत लिहिते. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज आठ पतंग आले तेव्हाच बाबांना फवारणी करू दिली. तुमचं काम कसं चालतं, दहा मिनिटं सांगाल का?'

रविवारी ताईंचाच फोन आला. दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. त्यांच्याकडे जागा नव्हती, पण वर्ध्यात कापूस शेतकऱ्यांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेला फील्डवर माणूस हवा होता. जाहिरात निघालीच नव्हती. ताईंनी माझं नाव कळवलं. मुलाखतीत साहेबांनी मार्कशीट बाजूला ठेवली आणि ती वही मागितली.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1973 मध्येच हे मांडलं होतं, असं नंतर वाचलं. नोकरीची नवी खबर बरेचदा जुजबी ओळखीतून येते, कारण जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक असतं तेच ठाऊक असतं. आमच्या गावात तर जाहिरात आली की सगळ्या मैत्रिणींना एकाच दिवशी कळते. जाहिरातच न निघालेल्या जागेचं कोण सांगणार?

ताईंना मी जॉइन झाल्याच्या दिवशी फोन केला, आणि अजूनही हंगामाच्या नोंदी पाठवते. नोकरी लागली म्हणून ओळख तोडायची, हे मला पटत नाही.

परवा समुद्रपूरच्या एका मुलीचा मेसेज आला, "ताई, जॉब असेल तर सांगा." मी तिला फोन लावला आणि विचारलं, "तुमच्या वावरात यंदा काय पेरलंय?"