तुम्ही विचारलंत म्हणून: ‘एवढी वर्षं होते, मग शेती का नाही केली?’

मेलबर्नला राहतो म्हटलं की पुण्याकडचे पाहुणे हमखास विचारतात, इथले आदिवासी 50 हजार वर्षांपासून इथेच आहेत ना, मग साधी शेती का नाही जमली त्यांना? सूर जरा हेटाळणीचाच असतो, पण विचारलंत म्हणून सांगतो.

त्यातली जवळपास 40 हजार वर्षं सोडूनच द्या, हिमयुगात शेती जगात कुणीच करत नव्हतं. न्यू साउथ वेल्समधल्या मुंगो तळ्याच्या काठी लोक मासे-शिंपले खाऊन राहायचे, हिमयुग सरता सरता ते तळंच आटलं. मग बर्फ वितळला आणि समुद्र 120 मीटरच्या आसपास वर चढला, टास्मानिया ऑस्ट्रेलियापासून तुटलं, नंतर न्यू गिनी तुटलं आणि किनाऱ्यावरची माणसं पिढ्यानपिढ्या मागे सरकत राहिली. उत्तरेकडच्या काकडू राष्ट्रीय उद्यानातल्या कड्यांवर हे चक्क रंगवलेलं आहे, जुन्या चित्रांत कांगारूसारखे जमिनीवरचे प्राणी, आणि खाडी जवळ आल्यावर बारामंडी, म्हणजे आपला अलिबागचा जिताडा, तोही आतले काटे दाखवून काढलेला!

त्यात इथला पाऊस बेभरवशाचा, एल निनोचं वर्ष आलं की गायबच. अशा ठिकाणी एका पिकावर सगळं पोट सोपवायचं म्हणजे जुगार झाला. आणि नांगराला जुंपणार काय, कांगारू?

पण म्हणून हातावर हात ठेवून कुणी बसलं नव्हतं. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात बज बिम नावाच्या जागी गुंडिचमारा आदिवासींनी किमान 6,600 वर्षांपूर्वी वाम माशांसाठी चर खोदलेत, तेही लाव्हाच्या काळ्या दगडात, आपल्या सह्याद्रीत असतो तसल्याच. पुराचं पाणी चरातून फिरवायचं, वाम डबक्यात अडकवून ठेवायची, बांधाच्या फटीत विणलेली लांब टोपली लावायची, तोंडाशी रुंद आणि शेवटाला निमुळती, म्हणजे मासा बरोबर हाताशी येतो. दुष्काळ पडला तरी डबक्यात जेवण शिल्लक. माझ्या मते ही शेतीच आहे, फक्त बी पेरलेलं नाही एवढंच.

2019 ला युनेस्कोनं बज बिमला जागतिक वारसा ठरवलं. त्यानंतरच्याच उन्हाळ्यात वणवा लागून गवत जळालं तर आणखी चर उघडे पडले, ते आधी कुणाला दिसलेच नव्हते. मेलबर्नहून गाडीनं चारेक तास लागतात, पुढच्या वेळी आलात की पेंग्विन बघण्याऐवजी तिकडे नेतो.