वाळणकोंडीतली शिरगणती

आज महाडजवळच्या वाळणकोंडीला महाशीर मोजायला होतो, म्हणजे गोड्या पाण्यातला हा मोठा मासा. काळ नदीचा हा डोह वरदायिनी देवीचा, त्यामुळे इथल्या महाशीराला कुणी गळ लावत नाही. आणि आपल्यालाही जाळं टाकता येत नाही! मग कुरमुरे टाकायचे आणि वर आलेल्या माशांचे फोटो काढत बसायचं. एकच मासा कितीदा मोजला गेला, देवीलाच ठाऊक. म्हणून एकूण आकड्यापेक्षा मी बोटभर पिल्लं शोधतो. मोठे मासे वर्षानुवर्षं जगतात. पिल्लं नसतील तर भरलेला डोहही फसवा.

सोबतचे काका म्हणाले, "लोणावळ्याहून पिल्लं आणून सोडा की!" मी जरा जोरातच नाही म्हटलं. टाटांच्या वीज कंपनीने तिथे १९७०च्या दशकापासून महाशीराची पैदास केली, काम मोठंच. पण तीच दख्खनी जातीच्या महाशीराची पिल्लं कावेरीत सोडली गेली आणि तिथला मूळचा, केशरी परांचा, पाठीला कुबड असलेला महाशीर मागे पडत गेला. २०१८ मध्ये धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत तो थेट 'अतिसंकटग्रस्त' ठरला. त्यामुळे 'महाशीर वाढले' असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, कोणते?

आज उथळ कडेला पिल्लं दिसली खरी. महाशीराचीच का, ते फोटो मोठे करकरून बघतोय.