गोव्याचा कोविड-तक्ता, नोंद सातवी: जानेवारीने केलेला घोटाळा

मंडळी, दीड महिना गप्प होतो. कारण लाजिरवाणं आहे. मागच्या नोंदीत जो आलेख मी मोठ्या हौसेने दाखवला होता, 'पाहा, जुलै २०२१मध्येही गोव्याचे किनारे कसे ओस होते', तो मागे घेतो. आकडे बरोबर होते, सूत्रं बरोबर होती, रंगसंगती तर मला अजूनही आवडते. चुकली ती तुलना.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: दिवसभर दुसऱ्यांचे जमाखर्च जुळवतो आणि रात्री स्वतःचा हा एक तक्ता. मार्च २०२० ते २०२३अखेर, वरच्या पट्टीत गोव्यातल्या कोरोनाचे आकडे आणि खालच्या पट्टीत पर्यटकांचे. साथीने तब्येतीवर आणि पर्यटनावर काय केलं ते एकाच कागदावर दिसावं, एवढीच हौस. आधी सगळं शीटमध्ये होतं, आता निम्मं पायथनमध्ये नेलंय.

तर चूक कुठे झाली? खालच्या पट्टीसाठी मी गूगलचे मोबिलिटी रिपोर्ट, म्हणजे लोकांच्या वर्दळीचे अहवाल, वापरत होतो. फुकट आहेत, रोजचे आहेत, सीएसव्ही, म्हणजे आकड्यांची साधी फाइल, थेट उतरते. त्यात 'उद्याने' नावाचा स्तंभ असतो आणि त्यात सार्वजनिक समुद्रकिनारेही धरलेले असतात. म्हटलं, आपल्याला घबाडच मिळालं. हे आकडे म्हणजे टक्केवारी असते, नेहमीपेक्षा वर्दळ किती कमी किंवा जास्त. आता 'नेहमी' म्हणजे काय? तर ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० या पाच आठवड्यांतली त्या-त्या वाराची मध्यक संख्या, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी. सोमवारची तुलना त्या सोमवारांशी, रविवारची त्या रविवारांशी.

लंडन-न्यूयॉर्कवाल्यांना यात वेगळी अडचण येते, तिकडे जानेवारीत थंडीने बागा रिकाम्या. त्यामुळे साथ ऐन भरात असतानाही त्यांच्या उन्हाळ्यातल्या बागा 'वाढलेल्या' दिसतात. आपलं नेमकं उलटं. गोव्यात जानेवारी म्हणजे भर सीझन! नवीन वर्षाची गर्दी पुरती ओसरलेली नसते, चार्टर विमानं येत असतात, कळंगुटला गाडी लावायला जागा नसते. त्या जानेवारीशी जुलैची तुलना केली तर कोणत्याही वर्षीचा जुलै भकासच दिसणार, साथ असो वा नसो.

हे मला कुणी सांगितलं, तर ज्याला सीएसव्ही म्हणजे काय ते ठाऊक नाही त्या माझ्या मावसभावाने. त्याचा शॅक आहे, म्हणजे किनाऱ्यावरचं तात्पुरतं हॉटेल. मी लॅपटॉपवर आलेख दाखवला, तो दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "जुलैत किनाऱ्यावर कोण असतं रे? जीवरक्षक आणि कुत्रे. शॅक तर आम्ही पावसाआधीच मोडून ठेवतो." झालं. चार महिन्यांचं काम तिथल्या तिथे आडवं.

बरं, २०१९च्या जुलैशी तुलना करावी तर गूगलची माहिती सुरूच होते १५ फेब्रुवारी २०२०पासून. आणि १५ ऑक्टोबर २०२२ला ती बंद. म्हणजे हातात पावसाळे तीनच. सध्या मी असं करतो: जुलै २०२०, २०२१ आणि २०२२ यांची तुलना फक्त एकमेकांशी. पाऊस तिन्हींत आहे, त्यामुळे निदान पावसाचा दोष साथीच्या माथी जात नाही. २०२२ हे काही निरोगी वर्ष नव्हतं, पण त्यातल्या त्यात बरं. आणखी एक, घरी असण्याचा जो स्तंभ आहे तो बाकीच्यांसोबत एकाच अक्षावर काढू नका. इतर स्तंभ भेटी मोजतात, तो घरात घालवलेला वेळ मोजतो. माणूस तसाही दिवसाचा बराच वेळ घरीच असतो, त्यामुळे तो आकडा फार वर जाऊच शकत नाही. मी एकदा काढून बसलोय.

गूगलवरचा विश्वास उडाल्यावर पर्यटन खात्याच्या आकड्यांकडे परतलो. तिथे निराळीच गंमत निघाली.

२०१९ साली गोव्यात देशी पर्यटक सुमारे ७१ लाख आणि विदेशी ९.३७ लाख. २०२०मध्ये देशी सुमारे २६.७ लाख, विदेशी ३ लाखांच्या आसपास. २०२१मध्ये देशी ३३ लाख, आणि विदेशी? २२ हजार. हजार, लाख नव्हे. मला आधी वाटलं टंकनाची चूक आहे, म्हणून तीनदा तपासलं.

वरवर पाहिलं तर २०२० हे कोसळण्याचं वर्ष आणि २०२१ हे सावरण्याचं. देशी पर्यटकांपुरतं ते खरंही आहे. पण विदेशींचं २०२० फसवं आहे. त्या वर्षीचे जानेवारी, फेब्रुवारी आणि अर्धा मार्च हे महिने साथीआधीच्या सीझनचे आहेत. १३ मार्चपासून पर्यटक व्हिसा स्थगित झाले आणि पंचवीस तारखेला टाळेबंदी लागली, म्हणजे ते तीन लाख लोक जवळपास सगळे त्याआधीच येऊन गेलेले. साथीचं खरं पूर्ण वर्ष विदेशी पर्यटकांच्या दृष्टीने २०२१च. पर्यटक व्हिसा पुन्हा सुरू झाले ते १५ ऑक्टोबर २०२१ला चार्टरने येणाऱ्यांसाठी आणि १५ नोव्हेंबरला इतरांसाठी. म्हणून माझी विनंती, गोव्याचं काहीही करताना कॅलेंडर वर्ष वापरू नका. ऑक्टोबर ते मे हा सीझन धरा, नाहीतर महिनावार घ्या.

आता या २२ हजारांची गाठ देशाच्या आकड्याशी घालून बघा. भारतात २०१९ला १ कोटी ९ लाख विदेशी प्रवासी आले होते, २०२१ला १५ लाखांच्या थोडे वर. म्हणजे देश २०१९च्या १४ टक्क्यांवर आणि गोवा जेमतेम अडीच टक्क्यांवर. एवढी तफावत का? मी दोन रविवार यात घालवले. देशाच्या आकड्यात विदेशी पासपोर्टवर येणारा प्रत्येक जण असतो: अमेरिकेतून आजीला भेटायला आलेली नात, उपचारांसाठी आलेला बांगलादेशी, कामासाठी आलेला इंजिनिअर. व्हिसाची ही दारं टप्प्याटप्प्याने उघडत गेली. २०२१मध्ये सर्वाधिक प्रवासी अमेरिका आणि बांगलादेशातूनच आलेले आहेत. गोव्याला येणारा मात्र उन्हात पडायला येतो, आणि उन्हात पडायचा व्हिसा सगळ्यांत शेवटी मिळाला. राष्ट्रीय सरासरी लावून गोव्याचं नुकसान मोजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

२०२३ला एकूण आकडा २०१९च्याही वर गेला, ८६ लाखांपुढे. वर्तमानपत्रांत 'पर्यटन पूर्वपदावर' असे मथळे आले. देशी पर्यटक ८१ लाखांवर होते, हे खरंच. विदेशी मात्र साडेचार लाख, म्हणजे जुन्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. बेरजेत हा खड्डा बुजून जातो. विदेशींवर चालणाऱ्या मोरजी-हरमलच्या गेस्ट हाऊसवाल्याला आणि देशी गर्दीवर चालणाऱ्या बागाच्या हॉटेलवाल्याला विचाराल तर दोन वेगळी उत्तरं मिळतील, आणि दोन्ही बरोबर असतील.

आणि हे सगळं विषाणूच्या खात्यावर टाकू नये. सप्टेंबर २०१९मध्ये ब्रिटनची थॉमस कुक कंपनी बुडाली, तिच्या चार्टर विमानांचा फटका साथीच्या आधीच बसला होता. फेब्रुवारी २०२२ला युक्रेन युद्ध सुरू झालं, रशियन पर्यटकांचं गणित बिघडलं. ब्रिटिशांना ई-व्हिसा परत मिळाला तो थेट डिसेंबर २०२२मध्ये. माझ्या आलेखात या तीन उभ्या रेघा आता कायमच्या आहेत, करड्या रंगात.

वरच्या पट्टीचं काम त्या मानाने रडतखडत चाललंय. स्वयंसेवकांनी चालवलेल्या कोविड-१९ इंडियाचा साठा सोन्यासारखा होता, पण त्यांनी ३१ ऑक्टोबर २०२१ला काम थांबवलं. ओमायक्रॉनची लाट आली त्यानंतर. त्यामुळे जानेवारी २०२२साठी आरोग्य खात्याची रोजची पत्रकं उघडून आकडे हाताने भरतोय. कंटाळवाणं आहे, पण त्यात एक मौल्यवान गोष्ट सापडते: सक्रिय रुग्ण आरोग्य केंद्रांनुसार दिलेले असतात. कांदोळी वेगळी, मडगाव वेगळं, वास्को वेगळं. किनारपट्टी आणि आतला गोवा यांत फरक करायचा तर हाच एक मार्ग आहे. ज्यांना वेळ आहे त्यांनी थोडी पत्रकं वाटून घेतली तर बरं होईल.

सुरुवातीच्या दिवसांवर टक्केवारी लावू नका. २५ मार्च २०२०ला पहिले तीन रुग्ण, एप्रिलअखेर एकूण सात, सातही बरे, मग १ मेपासून हरित क्षेत्र. सातांवर कसली वाढ मोजायची! महिन्याभराने वास्कोच्या मांगोरहिलला उद्रेक झाला, तिथून पुढे मोजण्यासारखं काही मिळतं.

दुसऱ्या लाटेवर मात्र बरंच लिहायचंय. ७ मे २०२१ला एका दिवसात ४,१९५ नवे रुग्ण, राज्यातला उच्चांक. ९ मेपासून संचारबंदी, १० मेपासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रवेशासाठी निगेटिव्ह प्रमाणपत्र. माझ्या पहिल्या आलेखात लाटेचं टोक बरोबर या तारखांना येत होतं आणि मग घसरण. वा, म्हटलं, उपाय लागू पडला! पण मी सात दिवसांची सरासरी मागच्या सात दिवसांची घेतली होती, त्यामुळे टोक तीनेक दिवस उजवीकडे सरकलेलं. मधल्या दिवसावर सरासरी ठेवली की टोक निर्बंधांच्या आधी येतं. शिवाय लागण होण्यापासून अहवाल हातात पडेपर्यंत आठवडा जातो. ९ तारखेच्या संचारबंदीचं श्रेय ७ तारखेला कसं देणार? २९ एप्रिल ते ३ मेच्या छोट्या टाळेबंदीचं थोडं असेल, तेही खात्रीने सांगता येत नाही.

कारण त्याहून मोठी अडचण वेगळीच. त्या दिवसांत शंभर चाचण्यांमागे पन्नासहून अधिक बाधित निघत होते. इतकं प्रमाण असतं तेव्हा रुग्णांचा आकडा साथ किती आहे ते दाखवत नाही, चाचण्या किती झाल्या ते दाखवतो. टोक आलं ते साथीचं की प्रयोगशाळेच्या क्षमतेचं? अशा वेळी मृत्यूंकडे बघावं लागतं. त्या आकड्यांवर काम करताना मी नेहमीसारखा चहा घेऊन बसत नाही, इतकंच सांगतो. त्यातही पाय घसरतोच. जून २०२१मध्ये खासगी रुग्णालयांनी वेळेत न कळवलेले साठाहून अधिक मृत्यू एकदम जमा झाले. बिहारमध्ये तर ९ जूनला एका फटक्यात जवळपास चार हजार वाढले. हे त्या दिवशीचे मृत्यू नव्हेत, त्या दिवशी वहीत आलेले मृत्यू. मी ते वेगळ्या स्तंभात ठेवतो, रोजच्या रेघेत मिसळत नाही.

एक गमतीचा प्रयोगही केला. पर्यटकसंख्या आणि रुग्णसंख्या यांचा सहसंबंध काढला, फक्त सप्टेंबर ते डिसेंबर २०२०साठी. उत्तर उणे आलं! सप्टेंबरात पहिली लाट शिखरावर आणि पर्यटक तुरळक, डिसेंबरात लाट ओसरलेली आणि किनारे भरलेले. म्हणजे पर्यटक वाढवा, कोरोना घटवा. एखाद्याला हवं ते सिद्ध करायचं असेल तर चार महिने पुरेसे असतात.

आरोग्याच्या पट्टीत फक्त कोविड ठेवायचा नाही हे आता ठरवलंय. देशातल्या क्षयरोगाच्या नोंदी पाहा: २०१९ला २४ लाख, २०२०ला १८ लाख. सहा लाख लोकांचा क्षय आपोआप बरा झाला का? ते दवाखान्यात पोचले नाहीत. गोव्याचे आकडे महिनावार मिळाले तर हा स्तंभ पुढच्या नोंदीत येईल.

विमानतळाचे आकडे जोडणाऱ्यांसाठी तीन खुणा. विमानतळवाले एप्रिल ते मार्च मोजतात आणि पर्यटन खातं जानेवारी ते डिसेंबर, मी एकदा डोळे मिटून ते एकाखाली एक लावले होते. प्रवासी येताना एकदा आणि जाताना एकदा मोजला जातो. आणि ५ जानेवारी २०२३पासून मोपाचा दुसरा विमानतळ सुरू झाला, त्यानंतर एकट्या जुन्या दाबोळी विमानतळाचा आलेख काढाल तर तिसरीच साथ आल्यासारखं दिसेल.

शेवटी मावसभावाच्या वहीबद्दल. आलेखाची वाट लावल्याची भरपाई म्हणून त्याने शॅकच्या रोजच्या गल्ल्याची वही दिली, २०१८पासूनची. आकडे इथे देणार नाही, त्याला कबूल केलंय. मार्च २०२०च्या तिसऱ्या आठवड्यात शेवटची नोंद आहे आणि पुढे कोरी पानं. ती भरताना मी अडलो: शून्य लिहायचं की जागा रिकामी ठेवायची? शून्य लिहिलं तर सरासरी खाली येते, रिकामी ठेवली तर ते महिने हिशोबातूनच गायब होतात. त्याला फोन करून विचारलं.

"शून्य नको लिहू," तो म्हणाला. "तेव्हा मी स्कूटरवरून भाजी विकत होतो. दुसरी वही आहे त्याची. शोधतो."

अजून सापडलेली नाही. तोवर त्या स्तंभात रिकामी जागाच आहे.