दुखऱ्या टाचेने पुन्हा यवतेश्वरचा घाट

अकिलीस म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी जाड शीर, इंग्रजीत टेंडन; रक्ताची नस नव्हे. तिचं दुखणं सकाळी कळतं. पलंगावरून उतरून बाथरूमपर्यंतची पावलं लंगडत पडतात, चहा होईस्तोवर पाय मोकळा होतो आणि आपल्याला वाटतं, गेलं. धावतानाही तसंच. पहिल्या किलोमीटरला टाच ओढते, मग काही जाणवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी उठल्यावर सगळं परत. माझ्या उजव्या पायाचं बरेच महिने हेच चाललं होतं. टाचेच्या हाडापासून तीन-चार बोटं वर ती शीर चिमटीत धरली की डाव्या पायापेक्षा चांगलीच जाड लागायची आणि दाबली की कळ यायची.

मी साताऱ्यात राहते. वय ५९. धावायला लागले तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. २०१२ मध्ये इथली हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या बायकांकडे लोक हळूहळू वळून बघेनासे झाले. २०१६ मध्ये माण तालुक्यातल्या ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावल्या, तेव्हा आमच्या धावण्याच्या ग्रुपमध्ये त्यांच्या यशाची चर्चा कितीतरी दिवस पुरली होती. आमची शर्यत शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढते आणि तशीच खाली येते. पावसाळ्याचे दिवस, ढग अंगावर, रस्त्याच्या कडेने गावकऱ्यांच्या टाळ्या. ती शर्यत मला सोडायची नव्हती, आणि नेमकी तीच अकिलीसला सर्वात जड जाते. चढावर पाऊल टेकतं तेव्हा बोटं वर आणि टाच खाली असते, म्हणजे शीर आधीच ताणलेली असताना तिला सगळं अंग वर ढकलायचं असतं. सपाट रस्त्यावर धावतानासुद्धा या एका शिरेवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो.

घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी सांगितलं, आता चालायला जात जा, पळायचं वय राहिलं का? ज्या डॉक्टरांकडे आधी गेले त्यांनी गोळ्या दिल्या आणि पूर्ण विश्रांती सांगितली. विश्रांती घेतली. दुखणं थांबलं. परत धावायला लागले आणि आठवड्याभरात ते जागेवर हजर. या वयात विश्रांतीचा तोटा मोठा असतो, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. बसून राहिलं की पोटरी झपाट्याने उतरते आणि उतरलेली पोटरी परत भरायला तरुणपणापेक्षा फार जास्त वेळ लागतो. म्हणजे शीर होती तशीच राहते, तिला आधार देणारा स्नायू तेवढा कमी होतो, आणि आपण पहिल्यापेक्षा दुबळ्या पायाने पुन्हा रस्त्यावर येतो.

मग ग्रुपमधल्या एका ताईंच्या ओळखीने फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाची मुलगी. तिने आधी पायाला हातच लावला नाही, प्रश्न विचारले. साखर तपासली का? कोलेस्टेरॉल? पाळी जाऊन किती वर्षं झाली? आणि गेल्या सहा महिन्यांत कोणती औषधं घेतली? मला लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिनचा कोर्स झाला होता. ती लगेच थांबली आणि तिने तारखा विचारून घेतल्या. या गटातली अँटिबायोटिक्स, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, यांच्यामुळे काही जणांच्या शिरांना इजा होते आणि त्यात अकिलीसचा नंबर वरचा असतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, एफडीएने, २००८ मध्ये या औषधांवर सर्वात कडक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढे आणि स्टेरॉइड चालू असेल तर धोका वाढतो. माझं दुखणं त्यामुळेच झालं असं ती म्हणाली नाही, तसं सांगता येत नाही. पण म्हणाली, "काकू, पुढच्या वेळी डॉक्टरांना आधीच सांगा की मी धावते आणि माझी अकिलीस दुखरी आहे. दुसरं औषध चालत असेल तर ते देतील." आपल्याकडे ही औषधं किती सहज लिहून दिली जातात ते पाहता ही गोष्ट प्रत्येक धावणाऱ्याला माहीत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

नंतर तिने भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं केलं आणि चवड्यावर वर-खाली करायला लावलं. डावा पाय बराच वेळ चालला. उजवा थोड्याच वेळात थरथरायला लागला आणि टाच अर्ध्यातच अडकली. धावणाऱ्या तरुण माणसाकडून एका पायावर अशा पंचविसाच्या आसपास वर-खाली अपेक्षित असतात, वयाप्रमाणे आकडा उतरतो, पण दोन पायांत एवढा फरक नको. तिचं म्हणणं मला पटलं: शीर दुखते, पण खरी उणीव ताकदीची आहे, आणि ताकद भार दिल्याशिवाय येत नाही.

तिने सांगितलेला पायरीचा व्यायाम स्वीडनमधून आलेला. उमेओचे डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये १५ हौशी धावणाऱ्यांवर तो करून पाहिला. सरासरी वय ४४, सगळे ऑपरेशनच्या वाटेवर होते. १२ आठवड्यांनी सगळेच्या सगळे परत धावायला लागले. पायरीच्या कडेवर चवडा ठेवायचा, चांगल्या पायाने वर जायचं, सगळा भार दुखऱ्या पायावर घ्यायचा आणि टाच सावकाश पायरीच्या खाली सोडायची. पंधराच्या तीन फेऱ्या गुडघा ताठ ठेवून, तीन गुडघा किंचित वाकवून, कारण गुडघा वाकवला की पोटरीच्या आतला सोलियस नावाचा स्नायू कामाला लागतो आणि धावताना जास्त ओझं तोच वाहतो. हे दिवसातून दोनदा. माझं वय बघून तिने सुरुवात याहून सौम्य ठेवली. पहिले काही दिवस नुसतं चवड्यावर पाऊण मिनिट स्थिर उभं राहायचं, थांबायचं, परत उभं राहायचं. सकाळची कळ थोडी कमी झाल्यावर पायरी.

आमच्या जिन्याची पायरी दगडी आणि कठडा भक्कम, त्यामुळे जागा शोधावी लागली नाही. नुसतं अंगाचं वजन सोपं वाटायला लागलं की पाठीवर ओझं वाढवायचं होतं. नातवाचं जुनं दप्तर घेतलं आणि त्यात ज्वारीच्या किलो-किलोच्या पिशव्या भरत गेले. खाली जाताना दुखायचं. पहिल्यांदा दुखल्यावर मी थांबले तर ती म्हणाली, "दुखलं तरी चालेल. दहापैकी पाचपर्यंत चालेल. पण उद्या सकाळी काय म्हणते ते मला कळवा."

माझ्या सगळ्या उपचाराचा कणा हे एक वाक्य होतं. स्वीडनमध्येच २००७ साली एक अभ्यास झाला. त्यात एका गटाने पहिले सहा आठवडे धावणं-उड्या बंद ठेवल्या, दुसऱ्याने दुखण्याची ही मर्यादा पाळून चालू ठेवल्या. व्यायाम दोघांचाही सारखा. वर्षाअखेरीस चालू ठेवणाऱ्यांचं काही बिघडलं नव्हतं. हे समजल्यावर माझी भीती गेली. मी वही घातली. आज काय केलं, करताना किती दुखलं, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या सकाळी पहिली पावलं कशी पडली. सकाळ कालच्यासारखी किंवा बरी असेल तर तेवढंच किंवा थोडं जास्त. सकाळ वाईट असेल तर एक पायरी मागे, पण बंद नाही. दुखणं चोवीस तासांत पूर्वपदावर आलं तर शिरेला तो भार पेलला. तरुण मुलांची शीर एका दिवसात सावरत असेल, माझ्या शिरेला जोराच्या कामानंतर दोन दिवस लागतात, हेही त्या वहीतूनच कळलं. तेव्हापासून जोराचे दोन दिवस मी कधी पाठोपाठ घेत नाही.

जोराने ताणून पोटरी ओढायचं तिने मला बंद करायला लावलं. शिरेत इंजेक्शन घ्यायचा विषय एका ओळखीच्यांनी काढला होता, त्यावर ती ठाम नाही म्हणाली. स्टेरॉइडने दुखणं दबतं, शीर मात्र कमजोर होऊन तुटू शकते. बुटात टाचेखाली काही आठवडे एक पातळ पॅड घातलं, त्याने शिरेवरचा ताण थोडा हलका झाला. आणि घरात चपला. आमच्याकडे शहाबादी फरशी, आणि घरात अनवाणी वावरायचं ही लहानपणापासूनची सवय. सासूबाईंना घरात चपला अजिबात खपत नाहीत. एक नवा जोड आणला, तो उंबऱ्याबाहेर कधी गेलाच नाही, स्वयंपाकघराच्या आणि देवघराच्या दाराशी काढायचा. डाव्या तळपायाला सकाळी टोचायचं तेही त्याने बरंच कमी झालं. त्याच चवड्याच्या व्यायामात बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली की तळपायाच्या पट्ट्यालाही भार मिळतो, तीही तेव्हाच सुरू केली.

हे सगळं मार्गी लागत असताना अजिंक्यताऱ्यावरून उतरताना ओल्या दगडावर डावा घोटा मुरगळला. पाय आत वळला, बाहेरच्या बाजूला लगेच लिंबाएवढी सूज. अशा वेळी हाड मोडलंय का हा पहिला प्रश्न, आणि त्याचं बऱ्यापैकी उत्तर जागेवर मिळू शकतं. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये त्याचे नियम बसवले आणि ते जगभर वापरले जातात. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाची मागची कड नि टोक दाबून दुखतंय का, पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर करंगळीकडून येणारं जे हाड लागतं ते दुखतंय का, आतून कमानीच्या वरचं हाड दुखतंय का, आणि लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतायत का. यातलं एकही हाडाचं दुखणं असेल किंवा चार पावलं जमत नसतील तर एक्स-रे. माझं दुखत होतं ते हाडाच्या पुढे, खळग्यात, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटवर, आणि पावलं टाकता येत होती. संध्याकाळी फिजिओने तेच सगळं परत तपासलं आणि एक्स-रेची गरज नाही म्हणाली.

शेजारच्या मावशींनी आंबेहळद उगाळून दिली, तिचा लेप मी लावला, बरं वाटलं. पाय ओढून बसवून देणाऱ्याकडे चल असाही आग्रह झाला, तिकडे मी गेले नाही. ताज्या फाटलेल्या लिगामेंटला हिसका देणं मला मान्य नाही. पट्टा बांधून दोन-तीन दिवसांत चालायला लागले. खरं काम सूज उतरल्यावर सुरू झालं. मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, कारण पाय कुठे वळतोय याची त्याची जाणीव मंदावलेली असते, आणि वयाने ती तशीही कमी होत असते. म्हणून दात घासताना एका पायावर, ते जमल्यावर डोळे मिटून, त्यानंतर उशीवर. धावताना आणि गडावर जाताना काही महिने घोट्याचा पट्टा. उकिडवं बसून बघणं ही माझी तपासणी: दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या तर घोटा मोकळा, डावी उचलली गेली तर अजून काम बाकी.

शीर तुटली तर काय होतं तेही मी विचारून ठेवलंय. मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटतं, कधी आवाज येतो, आणि चवड्यावर उभंच राहता येत नाही. पालथं झोपून कोणाला तरी पोटरी दाबायला सांगायची. पाऊल हललं नाही तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. आणि मार न लागता एकच पोटरी सुजली, गरम लागली, तर ते खेळाचं दुखणं समजून चोळत बसायचं नाही, रक्ताची गुठळी असू शकते.

धावणं परत आलं ते शाहू स्टेडियमच्या सपाट मैदानावर. थोडं धावणं, थोडं चालणं. मग शहरातले रस्ते, आणि घाट सगळ्यात शेवटी. आता घाटात पहिले तीव्र चढ मी झपझप चालत काढते, उतारावर पावलं लहान ठेवते. वेळ पूर्वीपेक्षा जास्त लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टाच थोडी आखडलेली असते, तिसऱ्या दिवशी नसते, आणि तेवढं वहीत चालतं. पायरीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, दप्तरात आता ज्वारी बरीच आहे. रोज दोन्ही जेवणांत उसळ किंवा जाड वरण, आणि दुपारी ताक-चण्यांची भर, पोटरी भरायला तेही लागतं.

ग्रुपमधल्या एका वहिनींची टाच सध्या दुखतेय. त्यांनी माझा व्यायाम मागितला, तर मी आधी त्यांची टाच दाबून पाहिली. त्यांना दुखतं ते अगदी खाली, शीर हाडाला चिकटते तिथे. त्या जागेच्या दुखण्यात टाच पायरीखाली सोडली की शीर हाडावर दाबली जाते आणि त्रास वाढतो, त्यांना हाच व्यायाम सपाट जमिनीवर करावा लागेल. म्हणून मी त्यांना पायरी दाखवली नाही. येत्या शुक्रवारी आम्ही दोघी मिळून फिजिओकडे जाणार आहोत.