चंद्रतालला जाताय? नाले सकाळीच ओलांडा (निपाणीहून जाऊन आलो)

आम्ही निपाणीची माणसं, वेदगंगेला 2019 ला आणि 2021 ला आलेलं पाणी बघितलेली, यमगर्णीजवळ हायवे बंद पडलेला बघितलेली, त्यामुळं पुराचं आम्हाला कोण काय सांगणार अशा गुर्मीतच तिघं जुलैत हिमाचलातल्या लाहौल-स्पितीत चंद्रतालचं तळं बघायला गेलो. बेळगावातून गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीन, पुढं बसनं मनाली, तिथून जीप.

वाटेतल्या छत्रू गावाच्या पुढं दुपारी तीनला एका नाल्यावर ड्रायव्हरनं गाडी थांबवली. वर लख्ख ऊन, ढगाचा ठिपका नाही आणि पाणी बोनेटला लागेल एवढं. दोस्त म्हणतो, "पाऊस कुठाय मर्दा?" ड्रायव्हरनं नुसतं वरच्या बर्फाकडं बोट दाखवलं. आपल्याकडं घाटात पाऊस, मग धरणातनं विसर्ग, मग एकदोन दिवसांनी पाणी, तोवर फोनाफोनी होते. तिथं ऊनच पूर आणतं, दिवसभर बर्फ वितळतो आणि दुपारनंतर नाला फुगतो, रात्री गारठ्यानं वितळणं मंदावलं की पहाटे उतरतो. छत्रूला परत येऊन तंबूत झोपलो, सकाळी सहाला त्याच नाल्यात दगड मोजता येत होते!

तर गाडी पहाटेच काढा. पाण्याखाली दगड घरंगळल्याचा आवाज आला किंवा पाणी एकदम गढूळ झालं तर उतरू नका. आणि पाणी अचानक कमी झालं तर खूश होऊन आत जाऊ नका, वर कुठंतरी अडलेलं असू शकतं, सरळ उंचावर चढा.

जाताना सिस्सूला (साधारण 3,100 मीटर) एक रात्र काढाच, नाहीतर पुढं उंचीनं डोकं धरून बसाल. सिस्सूच्या वर घेपन घाटचं हिमनदीचं तळं आहे, इस्रोच्या सॅटेलाइट फोटोंत ते 1989 ते 2022 मध्ये 36.49 वरनं 101.30 हेक्टर झालेलं दिसतं. असलं तळं फुटलं की काय होतं ते 2023 ला सिक्कीमनं बघितलंय, म्हणून हॉटेल नाल्याच्या काठाला घेऊ नका, व्ह्यू राहू दे.

पेट्रोल मनालीतच फुल्ल करा, छत्रूच्या पुढं स्पितीतल्या काझापर्यंत पंप नाही. रोख पैसे ठेवा. चंद्रतालच्या काठावर तंबू लावू देत नाहीत, कॅम्प अलीकडं आहेत.

परत बेळगावात उतरलो तर भावाचा फोन, वेदगंगेवरचा जत्राट-भिवशी बंधारा पाण्याखाली गेलाय. दोस्त सवयीनं म्हणाला, "मग सकाळी जाऊया की!"