दहा युनिट, पण कोणत्या सिरिंजवरचे?

चोविसाव्या वर्षी मला टाइप १ मधुमेह निघाला, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळपास बनवतच नाही तो. इन्सुलिनचा रात्रीचा डोस १० युनिट ठरला. तीन आठवडे झाले तरी उपाशीपोटीची शुगर २५० च्या खाली येईना. डोस वाढत वाढत २० वर गेला. खाण्यावर शंका घेतली गेली, इन्सुलिन खराब असेल म्हणून बाटली बदलून झाली. डोस बरोबर होता, इन्सुलिनही चांगलं होतं. मेडिकलमधून मिळालेली सिरिंज चुकीची होती. याचा राग अजून जात नाही, कारण ही चूक काउंटरवरच दोन सेकंदांत दिसते.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, १० मिलीच्या बाटलीत ४००. इन्सुलिन टोचायच्या पेनमधलं कार्ट्रिज, म्हणजे आतली भरलेली नळी, १०० चं, ३ मिलीत ३०० युनिट. १०० च्या बाटल्याही मिळतात. अमेरिकेने १९७० च्या दशकातच १०० वर जायला सुरुवात केली, आपल्याकडे दोन्ही चालू राहिलं. म्हणून सिरिंजाही दोन प्रकारच्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. घाईत दोन्ही सारख्याच दिसतात.

सिरिंजवरची रेघ मुळात द्रव मोजते. ४० च्या सिरिंजवर १० ची रेघ म्हणजे पाव मिली. १०० च्या सिरिंजवर तीच १० ची रेघ म्हणजे मिलीचा फक्त दहावा भाग. ४० चं इन्सुलिन केशरी टोपणाच्या सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात जातात ४ युनिट. डोस २० केला तरी ८ च. म्हणजे ठरलेले १० युनिट एकदाही अंगात गेले नव्हते.

चूक कळल्यावरचा दिवस सगळ्यात धोक्याचा असतो. योग्य सिरिंज आणली आणि वाढवलेला २० चा आकडा तसाच ठेवला, तर एकदम अडीचपट इन्सुलिन जातं आणि मध्यरात्री शुगर कोसळते. त्यामुळे सिरिंज बदलण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा, आधी कोणत्या सिरिंजने किती रेघा घेत होतो ते सांगायचं आणि नवा डोस लिहून घ्यायचा. उलटी चूक तर याहून वाईट. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधलं १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं, तरी अडीचपटच जातं. हे कधीच करू नका.

मेडिकलमध्ये नुसती ‘इन्सुलिनची सिरिंज’ मागू नका. बाटली सोबत न्या, लेबलवरचा ४० किंवा १०० हा आकडा सिरिंजवरच्या आकड्याशी जुळवा, मगच पैसे द्या. प्रत्येक तपासणीला बाटली, सिरिंज आणि शुगर मोजायचं मीटर घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर एकदा इन्सुलिन ओढून दाखवा. पहिल्याच आठवड्यात कुणी ‘दाखव बरं कसं ओढतोस’ म्हणालं असतं, तर ते तीन आठवडे वाचले असते.

बाकीचं त्यामानाने सोपं आहे. मिक्स इन्सुलिन, म्हणजे लवकर आणि सावकाश काम करणारं एकत्र केलेलं, दुधाळ असतं. घेण्याआधी बाटली तळहातांमध्ये सावकाश फिरवायची, जोरात हलवायची नाही. सुई टोचून इन्सुलिन सोडल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढायची. रोज त्याच जागी टोचलं की कातडीखाली गाठ येते, तिथे दुखत नाही म्हणून हात आपसूक तिकडेच जातो, आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. दर वेळी एक बोट जागा सोडा.

शुगर उतरू लागली की पहिले काही आठवडे नजर धूसर होते, कारण डोळ्यातल्या भिंगातलं पाणी बदलत असतं. लगेच नवा चष्मा करू नका, दीड-दोन महिने थांबा.

आंबा चिरून, हात न धुता बोट टोचलं, तर मीटर वाटेल तो मोठा आकडा दाखवतो. त्यावर डोस घेऊ नका, साबणाने हात धुऊन पुन्हा तपासा. पावसाळ्यात मीटरच्या स्ट्रिपच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की ओलीने स्ट्रिपा वाया जातात.

भाकरीने शुगर वाढत नाही असं घरोघरी सांगतात. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हातही जवळपास तेवढीच. आपल्या घरच्या एका भाकरीला किती पीठ लागतं ते एकदा वजनकाट्यावर मोजून ठेवा.

शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एकदा गोठलं की ते टाकूनच द्यायचं. फ्रिज नसेल तर दोन मडकी एकात एक, मधे ओली वाळू, आणि आतल्या मडक्यात पिशवीत गुंडाळलेली बाटली. चालू बाटली सावलीत ठेवा आणि उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. साधारण चार आठवड्यांनी नवी घ्या.

इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी डोस आपोआप कमी लागू शकतो. इन्सुलिन बनवणाऱ्या उरलेल्या पेशी थोडा काळ सावरतात, आजार गेलेला नसतो. नेमकं याच वेळी कुणीतरी काढा सुचवतं आणि इन्सुलिन बंद होतं. टाइप १ मध्ये ते पूर्ण बंद करणं जिवावर बेततं. उलट्या होत असतील, जेवण जात नसेल, तरीही नाही. डोस किती ठेवायचा ते डॉक्टरांना विचारा, दर दोन-तीन तासांनी शुगर बघा, लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारी आम्लं) तपासायच्या पट्ट्या घरात असू द्या. कीटोन जास्त दिसले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.