इंदूरहून : खासदाराच्या नावापुढचं शून्य कसं वाचायचं

इंदूरच्या मराठी घरांत नुसतं ‘ताई’ म्हटलं की सुमित्रा महाजन. माहेर चिपळूणचं, आणि १९८९ ते २०१४ अशा सलग आठ लोकसभा निवडणुका इथून जिंकलेल्या. आता त्यांची २०१४ ते २०१९ची, म्हणजे सोळाव्या लोकसभेतली नोंद उघडा. प्रश्न नाहीत, चर्चेतलं भाषण नाही, मत नाही. ज्याला हे माहीत नाही तो म्हणेल, पाच वर्षं बाईंनी केलं काय? त्या पाच वर्षांत त्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. अध्यक्ष प्रश्न विचारत नाहीत, चर्चेत उतरत नाहीत, आणि राज्यघटनेच्या १००व्या अनुच्छेदाप्रमाणे दोन्ही बाजूंची मतं समसमान झाली तरच मत देतात. त्या काळातल्या कार्यवृत्तात, म्हणजे सभागृहात बोललेल्याच्या शब्दशः नोंदीत, त्या पानोपानी आहेत, पण ‘माननीय अध्यक्ष’ म्हणून. नावाने शोधलं तर सापडणार नाहीत.

महाराष्ट्रातल्या आप्तांना आम्ही हे आधी सांगतो, कारण निवडणुका जवळ आल्या की फोनवर तक्ते फिरू लागतात: अमक्याची हजेरी इतके टक्के, तमक्याचे प्रश्न इतके. आकडा खरा असतो, पण तो कशाचा हे त्यात लिहिलेलं नसतं. ते मूळ कागदातच कळतं, आणि तो कागद फुकट आणि सर्वांसाठी खुला आहे.

उदाहरण इंदूर आणि महाराष्ट्र या दोघांच्या जिव्हाळ्याचं घेऊ: मनमाड–इंदूर रेल्वे. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या या नव्या मार्गाला मंजुरी दिली, खर्च १८,०३६ कोटी. तोवर आणि अजूनही आपली ये-जा आग्रा रोडने, बिजासनचा घाट चढत-उतरत. या रेल्वेसाठी सभागृहात कोण बोललं आणि कोण नुसतं स्टेशनावर हार घालून घेतं, हे तपासायचं आहे.

सर्वांत आधी खासदार कोणता ते पक्कं करा. इथेच निम्मे लोक चुकतात, कारण जिल्हा आणि लोकसभा मतदारसंघ एक नसतात. मनमाड नाशिक जिल्ह्यात आहे, पण नांदगाव विधानसभेमार्फत दिंडोरी लोकसभेत. मालेगावही नाशिक जिल्ह्यातच, तरी मतदारसंघ धुळे. शिरपूर धुळे जिल्ह्यात, पण खासदार नंदुरबारचा. घाट चढून सेंधव्याला आलात की खरगोन. आणि इंदूर शहरापासून हाकेच्या अंतरावरचं महू इंदूर जिल्ह्यात असूनही धार मतदारसंघात जातं. म्हणून महूच्या मराठी मंडळींनी इंदूरचे खासदार शंकर लालवानी यांची नोंद तपासण्यात अर्थ नाही. त्यांच्या खासदार सावित्री ठाकूर. त्या २०२४पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत, म्हणजे पुन्हा तेच शून्य. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. हजेरीपटावर सही करण्याचं बंधनही मंत्र्यांना नाही, तसंच अध्यक्षांना आणि विरोधी पक्षनेत्यांनाही नाही. म्हणून संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या ‘एमपी ट्रॅक’वर मंत्र्यांच्या कामगिरीचे आकडे देत नाहीत, आणि हे बरोबरच आहे.

आता प्रश्न. संसद डॉट इन या संकेतस्थळावर लोकसभा, मग सदस्य, मग खासदाराचं नाव अशा क्रमाने गेलं की त्याचे प्रश्न आणि भाषणं सापडतात. विषयावरूनही शोधता येतं, आणि आमच्या मते तीच वाट चांगली. पण शब्द नीट घाला. मराठीत ‘इंदूर’ लिहिलंत तर हाती काही लागणार नाही. तिथली हिंदी नोंद ‘इंदौर’ अशी असते आणि काही ठिकाणी ‘इन्दौर’ अशीही. दोन्ही करून पाहा, इंग्रजी स्पेलिंगही करून पाहा. रेल्वेमार्गाचं नाव ‘इंदौर-मनमाड’ आणि ‘मनमाड-इंदौर’ असं दोन्ही क्रमांनी शोधा. महूसाठी ‘डॉ. अंबेडकर नगर’ही घाला, कारण गावाचं आणि स्टेशनाचं अधिकृत नाव तेच आहे.

लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तारांकिताला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं उत्तर लेखी. एका खासदाराच्या नावावर एका दिवशी जास्तीत जास्त पाच प्रश्न, त्यांत तारांकित एकच. शिवाय तारांकितांची निवड चिठ्ठ्या टाकून होते आणि प्रश्नोत्तराचा तास अकरा ते बारा एवढाच, त्यामुळे विसांपैकी शेवटचे बरेचसे तोंडी उत्तराला पोचतच नाहीत. मग ‘तारांकित किती’ या आकड्यात नशीब किती आणि मेहनत किती, हे वेगळं काढता येत नाही. प्रत्येक मंत्रालयाचा आठवड्यातला एक वार ठरलेला असतो. लोकसभेत रेल्वेची पाळी सध्या बुधवारी येते, म्हणजे अधिवेशन चालू असताना बुधवारचे कागद पाहिले तरी रेल्वेपुरतं काम होतं.

प्रश्नाच्या डोक्यावर कधी कधी एक नाव नसतं, सहा-सात असतात. सारखे प्रश्न एकत्र बांधले जातात आणि प्रत्येकाच्या खात्यात एकेक जमा होतो. म्हणून संख्येपेक्षा प्रश्नातले (क), (ख), (ग) हे भाग वाचा. ‘देशात किती किलोमीटर रेल्वेमार्ग टाकले’ हा प्रश्न कुणीही विचारू शकतो. ‘धुळे–सेंधवा टप्प्यात भूसंपादन किती हेक्टर झालं आणि उरलेलं कधी होणार’ हे तोच विचारतो ज्याने गावातल्या लोकांशी बोलून घेतलेलं आहे. रेल्वेच्या उत्तरात एक ठरावीक वाक्य वारंवार भेटतं: प्रकल्प विभागीय रेल्वेनुसार (झोननुसार) मंजूर होतात, राज्यनिहाय किंवा जिल्हानिहाय नाही. हे वाक्य येणार हे ज्याला ठाऊक आहे तो प्रश्नच असा बांधतो की पळवाट राहू नये. तोच खासदार पुढच्या अधिवेशनात आधीच्या उत्तराचा धागा धरून पुन्हा विचारतो का, ही आमच्या मते सर्वांत खरी कसोटी आहे. प्रश्न टिपून घेताना लोकसभा कितवी, अधिवेशन कितवं, तारीख आणि क्रमांक हे चारही लिहा. क्रमांक दर अधिवेशनात एकपासून सुरू होतो, नुसत्या क्रमांकाने नंतर काही सापडत नाही.

भाषणांच्या मोजणीत फसगत जास्त. शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे मुद्दे मांडायच्या वेळेत, एखादा खासदार मुद्दा मांडतो आणि इतर दहा जण ‘या विषयाशी स्वतःला संबद्ध करण्याची’ परवानगी घेतात. त्या दहांची नावं कार्यवृत्तात छापली जातात, तोंडातून शब्द एक नाही. शोधात मात्र दहाही जण येतात. दुसरं, नियम ३७७खालचे विषय. हे अडीचशे शब्दांच्या आतलं तयार निवेदन असतं आणि पुष्कळदा वाचलंही जात नाही, ‘सभा पटल पर रखा गया’, म्हणजे न वाचता लेखी सादर केलं, असं मानलं जातं. मोठ्या विधेयकांवर वेळ संपला की लेखी भाषणंही अशीच पटलावर ठेवतात. छापील कार्यवृत्तात त्यावर ताराचिन्ह असतं आणि पानाच्या तळाशी टीप असते. ती टीप पाहिल्याशिवाय ‘बोलले’ असं लिहू नका. पटलावर ठेवण्यात गैर काही नाही, गावाचा मुद्दा नोंदीत येतो आणि मंत्रालयाला कळतो. पण ते भाषण नव्हे.

उलट बाजूही पाहायला हवी. विधेयकावरच्या चर्चेत वेळ पक्षाच्या संख्याबळाप्रमाणे वाटला जातो आणि कोण बोलणार हे पक्ष ठरवतो. तीनशे खासदारांच्या पक्षात पहिल्या खेपेच्या खासदाराची पाळी क्वचित येते. म्हणून अशा खासदाराचं मोजमाप विधेयकांवरच्या भाषणांवरून करू नका, शून्य प्रहर आणि प्रश्न पाहा. तिथे त्याचा हात मोकळा असतो.

भाषण ऐकायचं असेल तर असंशोधित, म्हणजे अजून न तपासलेलं, कार्यवृत्त उघडा. त्यात अधूनमधून कंसात चार आकडे येतात, १२१५ असे, आणि पुढे प्रतिवेदकांची, म्हणजे भाषण टिपून घेणाऱ्यांची, आद्याक्षरं. ते आकडे म्हणजे घड्याळ. सव्वाबाराची खूण सापडली की संसद टीव्हीच्या त्या दिवसाच्या चित्रफितीत सरळ तिथे जाता येतं. हे करणं गरजेचं आहे, कारण कागदावर ‘(व्यवधान)’ एवढा एकच शब्द असतो. गोंधळ किती होता, माइक चालू होता की नाही, खासदार वाचत होता की समजून बोलत होता, हे चित्रफितीतच कळतं. महाराष्ट्रातले खासदार मराठीत बोलतात तेव्हा कार्यवृत्तात बहुधा भाषांतर असतं आणि मूळ भाषण मराठीत झाल्याची तळटीप. त्यांचे मूळ शब्द हवे असतील तर चित्रफीतच पाहा.

आता मत. इथे पुष्कळांची निराशा होते. खासदाराच्या पानावर मतांचा खातेउतारा नाही, आणि बहुतेक विधेयकांवर नावागणिक मत नोंदलंच जात नाही. अध्यक्ष विचारतात, लोक ‘हाँ’ किंवा ‘ना’ ओरडतात, आवाजावरून निर्णय होतो. शेतीविषयक तीन कायदे २९ नोव्हेंबर २०२१ रोजी मागे घेतले ते आवाजी मतदानाने. १० ऑगस्ट २०२३चा अविश्वास प्रस्तावही आवाजी मतदानानेच फेटाळला गेला. त्यावर ‘आमच्या खासदाराने काय मत दिलं’ याला कागदोपत्री उत्तरच नाही.

नावं तेव्हाच येतात जेव्हा कुणी अध्यक्षांच्या निर्णयाला आव्हान देऊन मतविभाजन मागतं. मग लॉबी रिकामी करण्याचा आदेश होतो, साडेतीन मिनिटांनी प्रश्न पुन्हा मांडला जातो, पुन्हा आव्हान दिलं तर यंत्राने किंवा चिठ्ठ्यांनी मतं घेतली जातात. मागणी अनाठायी आहे असं अध्यक्षांना वाटलं तर ते सदस्यांना जागेवर उभं करून डोकी मोजू शकतात. तेव्हाही नावं नोंदली जात नाहीत. घटनादुरुस्ती मंजूर करताना मात्र विशेष बहुमत लागतं, म्हणून मतविभाजन होतंच. महिला आरक्षणाचं विधेयक २० सप्टेंबर २०२३ रोजी ४५४ विरुद्ध २ असं मंजूर झालं, त्याची यादी आहे. २० जुलै २०१८च्या अविश्वास प्रस्तावाचीही आहे: बाजूने १२६, विरोधात ३२५. तिथे ताई आसनावर होत्या, म्हणून इंदूरचं मत त्या यादीत शोधू नये.

यादी चर्चेच्या कार्यवृत्तातच, त्या विषयाच्या शेवटी असते. नावं आडनावाने सुरू होतात: ‘लालवानी, श्री शंकर’. पूर्ण नाव सरळ क्रमाने शोधलंत तर ‘सापडलं नाही’ येईल आणि तुम्ही त्याला गैरहजर समजाल. नुसतं आडनाव शोधा. यादीखाली निकाल ‘शुद्धीच्या अधीन’, म्हणजे दुरुस्ती होऊ शकेल, असा दिलेला असतो, आणि त्याखालची टीप सर्वांत मोलाची, कारण यंत्रातून राहिलेली किंवा चुकलेली मतं चिठ्ठीने दिलेल्यांची नावं तिथे असतात. ही टीप किती फरक करते ते १७ डिसेंबर २०२४ला दिसलं. एकत्र निवडणुकांचं घटनादुरुस्ती विधेयक मांडू द्यायचं की नाही यावर यंत्राने २२० विरुद्ध १४९ दाखवले, आणि चिठ्ठ्या जमेस धरल्यावर आकडा २६९ विरुद्ध १९८ झाला. जवळपास शंभर खासदार पहिल्या आकड्यात नव्हतेच. कुणी पडद्याचा फोटो काढून ‘हे बघा, गैरहजर’ म्हणून फिरवत असेल तर थांबा आणि छापील यादी येऊ द्या.

तारखेचाही घोळ होतो. वक्फ दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ असं मत पडलं ते मध्यरात्र उलटून ३ एप्रिल २०२५ लागल्यावर, पण बैठक २ एप्रिलची. शोधायचं ते २ तारखेखाली.

मत सापडल्यावरही त्यातून निष्कर्ष काढताना जपून. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडून मत दिलं किंवा मुद्दाम दूर राहिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं, पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तर सुटका. म्हणून मत बहुतांशी पक्षाचं असतं. माणूस प्रश्नात दिसतो.

हजेरीबद्दल थोडक्यात. दिवसाची एक सही म्हणजे एक दिवस, मग दहा मिनिटं बसले काय नि रात्री दहापर्यंत बसले काय. निलंबनाचे दिवसही टक्केवारी खाली ओढतात. डिसेंबर २०२३मध्ये दोन्ही सभागृहांतले १४६ खासदार निलंबित झाले, त्यांचे लागलेले प्रश्नही यादीतून निघाले.

वहीत एक रकाना आश्वासनांचा ठेवा, बहुतेक लोक तो सोडून देतात. उत्तरात ‘जानकारी एकत्र की जा रही है और सभा पटल पर रख दी जाएगी’ असं असलं तर ते आश्वासन धरलं जातं. मंत्रालयाने ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, नाहीतर मुदत वाढवून मागायची असते, आणि शासकीय आश्वासन समिती त्यावर लक्ष ठेवते. भूसंपादनाचे आकडे बरेचदा अशा मागाहून ठेवलेल्या कागदातच असतात. उत्तराच्या तारखेत तीन महिने मिळवून पुढची तारीख शेजारी लिहा, आणि त्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा उघडा.